चेन उघडा, मग भाव विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पाथर्डी फाट्याला नवीन फ्लॅट, दोन पलंग तयार. आई-बाबांचा सहा बाय सव्वासहा, तुम्हा दोघांचा पाच बाय सव्वासहा. बाबांची कंबर धरते, आईचे गुडघे बोलतात. दोन्ही गाद्या मिळून ३० हजारांपर्यंत जायची तयारी आहे. तीन दुकानं फिरलात. एकानं 'ऑर्थो' घ्या म्हटलं, दुसऱ्यानं 'मेमरी', तिसऱ्यानं '४० डेन्सिटी'. आता कोणता फोम चांगला आणि नाशिकमध्ये तो कुठे घ्यावा, हे विचारताय.

माझ्या वडिलांचं पंचवटीत गादी-रजईचं दुकान होतं. पिंजलेल्या कापसाचा धुरळा नाकात घेतच मी मोठा झालो. फोमच्या पहिल्या शीटा दुकानात आल्या तेव्हा वडिलांनी एक हातात घेऊन दाबली आणि म्हणाले, "हा तर पाव आहे. पावावर माणूस झोपतो होय?" पुढची ३० वर्षं मी तोच पाव विकतोय. पण वडील थट्टेत बोलले ते शब्दशः खरं आहे, आणि तेवढं कळलं की दुकानदाराला निम्म्याहून जास्त प्रश्न विचारायची गरजच उरत नाही.

पीयू (पॉलियुरेथेन) फोम, म्हणजे गादीतला नेहमीचा फोम, खरोखर पावासारखाच फुगतो. पॉलिऑल आणि टीडीआय नावाची दोन रसायनं, थोडं पाणी आणि इतर मसाला एकत्र आला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मिश्रण वर येतं. थंड झालं की त्याचे ठोकळे कापून शीटा काढतात. आता एकाच आकाराच्या दोन पावांत एकात मैदा जास्त आणि दुसऱ्यात हवा जास्त असू शकते. डेन्सिटी म्हणजे हा मैदा किती ते. ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. बास, एवढंच. त्यात कडकपणाचा काही संबंध नाही.

इथेच बहुतेक गिऱ्हाइकं फसतात. गादी हातानं दाबायची, कडक लागली की 'भरीव आहे' म्हणायचं. कडकपणा हा रसायनांच्या प्रमाणावर ठरतो. २८ डेन्सिटीचा फोमसुद्धा फळीसारखा कडक बनवता येतो आणि ५० डेन्सिटीचा लोण्यासारखा मऊ. दुकानात दोन्ही छान वाटतात. फरक वर्षा-दीड वर्षानं कळतो, कारण फोमच्या आत जाळीसारखे बारीक खांब असतात. मैदा कमी तर खांब बारीक. रोज आठ तास त्याच जागी माणूस झोपला की ते खांब एकेक करून मोडतात आणि कंबरेखाली परात ठेवल्यासारखा खड्डा पडतो. आमच्या भाषेत 'गादी बसली'. बसलेली गादी पुन्हा उठत नाही. कापूस पुन्हा पिंजता येतो, फोम नाही.

म्हणून माझा सल्ला एका वाक्यात सांगतो आणि मग त्याचा पसारा मांडतो: गादी इंचावर आणि नावावर घेऊ नका, किलोवर घ्या.

हे मला शहाणपणानं सुचलेलं नाही. २००९ मध्ये एका वसतिगृहासाठी मी ६० सिंगल गाद्या केल्या होत्या. फोम बाहेरगावच्या एका पुरवठादाराकडून, बिलावर '४० डेन्सिटी'. हाताला जड, दाबायला कडक, मी खूश. आठव्या महिन्यात वसतिगृहाचे रेक्टर स्वतः दुकानात आले आणि एक गादी काउंटरवर टाकून म्हणाले, "यावर तुम्ही एक रात्र झोपून दाखवा." चेन उघडून फोम चोळला तर बोटांना पांढरी पूड. आत चॉक पावडर घालून वजन वाढवलेलं होतं. फोमचं वजन भरलं, ताकद भरली नाही. ६० च्या ६० गाद्या पदरमोड करून बदलून दिल्या. त्या आठवड्यात मी वजनकाटा घेतला, आणि येणारा प्रत्येक माल आधी चोळून, मग तोलून घ्यायची सवय लागली.

हिशेब शाळेतल्या पोराला जमेल असा आहे. लांबी फुटांत, रुंदी फुटांत, जाडी इंचांत; तिन्हींचा गुणाकार करून १२ नं भागा, घनफूट आले. एका घनमीटरमध्ये ३५.३ घनफूट बसतात. म्हणजे घनफुटांना डेन्सिटीनं गुणून ३५.३ नं भागलं की किलो. तीन बाय सहाची चार इंची शीट घ्या: सहा घनफूट. ४० डेन्सिटी असेल तर ६.८ किलो भरली पाहिजे. ३२ असेल तर ५.४, आणि २८ असेल तर जेमतेम ४.८. दोन किलोंचा फरक हातालासुद्धा कळतो, काट्याला तर कळतोच. तुमच्या पाच बाय सव्वासहाच्या पलंगाची सहा इंची गादी धरली तर ४० डेन्सिटीला १७.७ किलो, २८ ला १२.४. कापड आणि वरची शिलाई यांचे दोन-तीन किलो वेगळे धरा.

आणि तीच आकडेमोड भावालाही लावा. मी इथे भाव लिहीत नाही, कारण तो माझ्या हातात नाही. टीडीआय देशात एकच कंपनी बनवते, गुजरातेतली जीएनएफसी, भरूच आणि दहेजला. बाकीचा बाहेरून येतो. तिथला कारखाना देखभालीला बंद झाला किंवा बाहेरचा भाव हलला की आमच्याकडे शीटचा भाव महिन्यात दोनदा बदलतो. म्हणून तीन दुकानांत एकाच मापाच्या, एकाच डेन्सिटीच्या गादीचा १८ टक्के जीएसटीसकट भाव घ्या, आतल्या फोमच्या किलोंनी भागा, आणि तीन आकडे शेजारी लिहा. 'छापील किमतीवर ४० टक्के सूट, वर दोन उशा फुकट' या सगळ्या गुलालाखालचा खरा रंग त्या भागाकारात दिसतो.

आता प्रकार. सगळ्यांबद्दल सारखं बोलत बसत नाही, तुमच्या कामाचं तेवढं सांगतो.

साधा पीयू, म्हणजे नेहमीचा फोम. घरच्या रोजच्या गादीला ४० च्या खाली उतरू नका. ३२ पाहुण्यांच्या खोलीला ठीक, २८ सोफ्याच्या पाठीला. फोमच्या रंगावरून डेन्सिटी ओळखू पाहणारेही भेटतात. निळा म्हणजे ४०, गुलाबी म्हणजे ३२ असलं काही. रंग प्रत्येक कारखान्याचा आपापला असतो, त्यावर जाऊ नका. फोम पिवळा पडला म्हणजे खराब झाला, हेही खरं नाही. उजेडानं पिवळेपणा येतोच.

एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे जास्त उसळीचा फोम) हा त्याचाच थोरला भाऊ. दाबला की उसळून वर येतो. प्रयोगशाळेत फोमवर ठरावीक उंचीवरून पोलादी गोळी टाकून ती किती उसळते ते मोजतात. साधा फोम साधारण ४० टक्क्यांच्या आगेमागे, एचआर ५० च्या वर. कुशी बदलताना याचा फायदा कळतो, गादीच आपल्याला ढकलून मदत करते. वयस्कर माणसांना वरचा थर म्हणून मला हाच सगळ्यात आवडतो.

बॉन्डेड म्हणजे फोमच्या कातरणांचा चुरा चिकटवून, दाबून केलेला रंगीबेरंगी ठोकळा. नाव ऐकून लोक नाक मुरडतात, 'भंगाराचा फोम' म्हणतात. माझं मत वेगळं आहे. ८० ते १०० डेन्सिटीचा चांगला बॉन्डेड खालच्या थराला उत्तम. सहजी बसत नाही. मात्र त्याची कापलेली कड बघा. तुकडे बारीक आणि एकसारखे हवेत. मध्येच रेक्झिनची पट्टी, चिंधी, दोरा दिसला किंवा रॉकेलसारखा वास आला तर उठून चालू लागा.

पांढरी, थर्माकोलच्या सख्ख्या बहिणीसारखी दिसणारी चादर म्हणजे ईपीई. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येते तीच. स्वस्तातल्या 'ऑर्थो' गाद्यांच्या पोटात ती हमखास सापडते, कारण कडक लागते आणि वजनाला काहीच नाही. सहा इंच जाडी बघून तुम्ही खूश, आत तीन इंच पॅकिंगचं सामान. तुम्हाला स्वस्त 'ऑर्थो' दाखवली असेल तर चेन उघडून पहिल्यांदा हीच शोधा.

आणि 'ऑर्थो' शब्दाबद्दल: तो कंपनी स्वतःच छापते. त्यामागे हाडांच्या डॉक्टरांची सही नसते. घरगुती गादीच्या पीयू फोमसाठी आयएस ७९३३ हे भारतीय मानक आहे. विचारायचंच असेल तर त्याबद्दल विचारा. समोरचा गडबडला तरी हरकत नाही, निदान गिऱ्हाईक वाचून आलंय हे त्याला कळतं.

मेमरी फोमची जन्मकथा मोठी आहे, १९६६ मध्ये नासासाठी विमानाच्या आसनांच्या कामात तो तयार झाला. अंगाच्या उबेनं मऊ होतो, अंगाचा ठसा घेतो, सावकाश परत येतो. पण ऊब हवी हीच आपल्याकडची मेख. डिसेंबर-जानेवारीत नाशिक-निफाडचा पारा एक आकडी होतो तेव्हा रात्री गादीवर पडलात की पहिली पाच-दहा मिनिटं दगड. उलट एप्रिल-मेमध्ये तोच फोम ऊब धरून बसतो. शिवाय गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या खड्ड्यातून कुशीवर वळायला जोर लावावा लागतो. तुमच्या आईसाठी मी तो घेणार नाही. तुम्हा दोघांना हौस असेल तर सगळ्यात वर एक-दीड इंच, त्याहून जास्त नको.

लेटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाचा फोम, गुणाला सगळ्यांत सरस. हवा खेळती, उसळी चांगली, टिकतो भरपूर. पण नैसर्गिक चीक किती आणि कृत्रिम रबर किती, हे लेखी विचारावं लागतं, आणि तुमच्या बजेटात दोन्ही पलंगांना बसणार नाही. पुढे कधी तरी.

आता बाबांची कंबर. आपल्याकडे पक्का समज आहे की पाठ दुखली की कडक गादी, नाहीतर थेट जमिनीवर चटई. २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास छापून आला होता. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ माणसांपैकी साधारण निम्म्यांना कडक गादी दिली, निम्म्यांना मध्यम कडक. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला दिसला. माझा गल्ल्यामागचा अनुभवही तेच सांगतो. फळीसारख्या गादीवर खांदा आणि नितंब टेकतात, कंबर अधांतरी राहते आणि रात्रभर स्नायू ताणलेले. फक्त बाबांचा पाय बधिर होत असेल, मुंग्या येत असतील तर गादी नंतर, आधी डॉक्टर. गादीनं नस सुटत नाही.

दुकानात बाबांना उताणं झोपवा आणि त्यांच्या कंबरेखालून तुमचा तळवा सरकवा. आरपार मोकळा गेला तर गादी जास्त कडक. शिरतच नाही तर जास्त मऊ. थोडा अडत, घासत गेला तर बरोबर. मग कुशीवर झोपवा आणि मागून पाठीचा कणा बघा. सरळ रेघेत हवा, झोळी नको. आणि हे किमान १५ मिनिटं. दोन मिनिटं बसून गादी पास करणं म्हणजे फोटो बघून स्थळ पसंत करणं. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जा, दुकानं रिकामी असतात, कोणी घाई करत नाही.

त्यांच्यासाठी मी काय करीन ते सांगतो. सहा बाय सव्वासहाची एकच गादी करणार नाही. तीन बाय सव्वासहाच्या दोन करीन. प्रत्येकीत खाली चार इंच ९० डेन्सिटीचा बॉन्डेड, वर दोन इंच ४० डेन्सिटीचा एचआर. वजन काढून बघा: खालचा थर १६ किलो, वरचा साडेतीन, कापड वेगळं. एकजीव गादी असती तर हेच ४० किलोंच्या घरात गेलं असतं आणि पावसाळ्यात ती उचलून भिंतीला लावणं म्हातारा-म्हातारीला जमलं नसतं. दोन वेगळ्या असल्या की बाबांची थोडी कडक, आईची थोडी मऊ करता येते. बाबा कुशीवर वळले तर आईची झोप मोडत नाही. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये गादी मावते, हा फायदा दुकानदार कधी सांगत नाही. एकदा सात मजले गादी डोक्यावर न्यायची वेळ आली आणि हमालानं मध्येच तिसऱ्या मजल्यावर भाव वाढवला की कळतं. मधल्या फटीची काळजी करू नका, वरून एक पातळ रजई टाकून एकच मोठी चादर घट्ट बसवली की फट जाणवत नाही.

उंचीकडे मात्र लक्ष द्या. हल्लीचे बॉक्स बेड आधीच उंच, त्यावर दहा इंची जाड गादी टाकली की म्हातारी माणसं पलंगावर चढतात आणि उतरताना लोंबकळतात. जमिनीपासून गादीच्या माथ्यापर्यंत १८ ते २० इंच, म्हणजे कडेला बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. आईच्या गुडघ्यांसाठी हे डेन्सिटीपेक्षा मोठं काम करेल. पलंग जास्त उंच असेल तर सहाऐवजी पाच इंची करा, वरचा एचआर तसाच ठेवून खालचा बॉन्डेड तीन इंच.

तुमच्या दोघांच्या पलंगाला सरळ चार इंच ४० डेन्सिटी आणि वर दोन इंच एचआर पुरे. दोघांपैकी कोणाचं वजन ८० किलोंच्या वर असेल तर खालचा थर ५० चा घ्या. बजेटातला मोठा वाटा आई-बाबांच्या गाद्यांना द्या, तुमची पाठ अजून तरुण आहे.

आता कुठे घ्यायची. नाशिकमध्ये तीन वाटा आहेत आणि प्रत्येकीत एक खड्डा आहे.

कॉलेज रोड, गंगापूर रोड, नाशिकरोड या पट्ट्यांत कंपन्यांची शोरूम आणि मोठी फर्निचरची दुकानं आहेत. तिथे वॉरंटी कार्ड मिळतं, माल एकसारखा असतो, झोपून बघायला जागा असते. पण नावांच्या गर्दीनं दबून जाऊ नका. स्लीपवेलची मालक शीला फोम हिनं २०२३ मध्ये कर्लऑन विकत घेण्याचा सौदा केला. म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन बोर्ड आता एकाच घरचे. अशा गाद्यांना बऱ्याचदा चेन नसते, कड शिवून बंद केलेली असते. मग 'कट सॅम्पल' मागा. आतले थर दाखवणारा कापलेला तुकडा चांगल्या शोरूममध्ये असतो. नसेल तर कोणता थर, किती इंच, किती डेन्सिटी हे छापील पत्रकावर दाखवायला सांगा. वॉरंटी दहा वर्षांची असली तरी अटी वाचा. बहुतेक ठिकाणी ठरावीक खोलीच्या वर खड्डा पडला तरच दावा चालतो, डाग पडला की संपला, आणि वर्षागणिक भरपाई घटत जाते.

दुसरी वाट स्थानिक गादीवाल्याची, माझ्यासारख्यांची. रविवार कारंजा-मेनरोडच्या जुन्या पेठेपासून सिडको, सातपूर, जेलरोडपर्यंत प्रत्येक भागात एखादा तरी आहे. आमचा फायदा असा की तुमच्या पलंगाच्या मापाची गादी तुमच्या डोळ्यांदेखत तयार होते, आणि चार-पाच वर्षांनी वरचा थर तेवढा बदलून मिळतो. जुन्या वाड्यातले पलंग कुठल्याच कंपनीच्या मापात बसत नाहीत, त्यांना आमच्याशिवाय पर्याय नाही. खड्डा असा की आमच्यातलेच काही ३२ ला ४० म्हणून विकतात. त्यावर उपाय वर सांगितलाच: शीट कापड चढवायच्या आधी बघा, चोळा, तोला. चांगल्या कारखान्याच्या शीटच्या कडेला किंवा पॅकिंगवर नाव आणि डेन्सिटी छापलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा. मोठ्या गादीला शीटा जोडाव्या लागतात, त्यात गैर काही नाही, पण जोड लांबीत हवा. आडवा जोड कंबरेखाली आला तर गादी परत करा.

एक आपल्या गावापुरती सूचना. सिंहस्थ जवळ आला की लॉज, धर्मशाळा, आखाडे यांच्या घाऊक मागणीनं बाजारात हलका माल पाण्यासारखा वाहतो. २०१५ ला मी ते बघितलं. त्या काळात 'आजच नेलं तर या भावात' म्हणणाऱ्याकडून घरची गादी घेऊ नका.

तिसरी वाट ऑनलाइन. व्हॅक्यूम करून गुंडाळलेली गादी खोक्यात येते, उघडली की एक-दोन दिवसांत फुगते. १०० रात्री वापरून बघा म्हणतात, आणि खरंच परत नेतातही. पण खास मापाची गादी बहुधा परत घेत नाहीत, हे ऑर्डरच्या आधी तपासा. तुमचे पलंग सव्वासहा फुटी, म्हणजे ७५ इंची. ऑनलाइन मापं ७२, ७५, ७८ अशी येतात. सुताराच्या शब्दावर जाऊ नका, पलंगाचं आतलं माप टेपनं तीन ठिकाणी घ्या. सुताराचे सव्वासहा फूट कधी कधी ७४ इंचच भरतात.

या तीनपैकी कुठलंही दुकान चालेल. निवडायची खूण एकच. बिलावर लिहून मागा: 'खाली ४ इंच बॉन्डेड ९०, वर २ इंच एचआर ४०, माप इतकं, वॉरंटी इतकी.' जो लिहून देतो तो आपला. 'अहो विश्वास ठेवा' म्हणून हात जोडतो, त्याला नमस्कार करून निघा. पक्कं बिल असलं की पुढे भांडायलाही जागा राहते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, आणि ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. माझ्या माहितीतल्या बऱ्याच तक्रारी अडल्या त्या बिलावर फक्त 'गादी १ नग' लिहिलेलं होतं म्हणून.

घरी आल्यावर. नव्या फोमला वास येतो, दोन-तीन दिवस खिडक्या उघड्या ठेवून तशीच राहू द्या. बॉक्स बेडच्या प्लायला सुताराकडून दहा-बारा भोकं पाडून घ्या, खालून हवा लागली पाहिजे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंती ओल धरतात. त्या दिवसांत आठवड्यातून एकदा गादी उचलून तासभर भिंतीला उभी करा, नाहीतर खालच्या कापडावर काळी बुरशी धरते. आणि आईला एक गोष्ट जपून सांगावी लागेल: ही गादी गच्चीवर उन्हात टाकायची नाही. कापसाला ऊन हवं, फोमचं ऊन शत्रू. उन्हानं तो पिवळा, ठिसूळ होतो, लेटेक्स तर चुरगाळायला लागतो. मच्छर अगरबत्ती पलंगाखाली ठेवायची सवय असेल तर ती आजपासून बंद, पीयू फोम भराभर पेट घेतो.

पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी डोक्याची बाजू पायाकडे करा, नंतर तिमाहीला एकदा. एचआरचा थर वर आहे, तेव्हा गादी पालथी घालू नका, फक्त फिरवा.

जुन्या गाद्यांचं काय करणार, ते तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. घंटागाडीवाला एवढी मोठी वस्तू सहसा घेत नाही. फोम असेल तर भंगारवाल्याला विचारा, त्याचाच पुढे चुरा होऊन बॉन्डेड बनतो. कापसाची असेल तर देऊ नका. आईच्या लग्नातली सावरी-कापसाची गादी असेल तर तर नाहीच. ती मोकळी करून, पिंजून घ्या. दोन मोठ्या गाद्यांच्या कापसातून पाहुण्यांसाठी तीन पातळ गाद्या आणि चार उशा निघतात. पिंजणारे आता मोजकेच राहिलेत, पण पंचवटीत आणि जुन्या नाशकात अजून आहेत. दिवाळीआधी जाऊ नका, तेव्हा त्यांच्याकडे पाय ठेवायला जागा नसते.